रक्तावरची साय

मला लॅबमध्ये आणि बाहेरही सगळे डास म्हणतात. त्यात खोटं काही नाही. सकाळी सहाला पिशवी खांद्याला लावायची, लोकांच्या दारात जायचं, रक्त ओढायचं आणि पुढच्या दारात पोचायचं. नऊ वर्षं हेच केलं. हात हलका आहे असं मी म्हणत नाही, ज्यांच्या शिरा सापडत नाहीत ती म्हातारी माणसं म्हणतात.

लोखंडी टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात आमचं शिबिर लागलं. 'हृदय सांभाळा' असा फलक साहेबांनीच छापून घेतला होता. साहेब म्हणजे आमच्या लॅबचे मालक. पूर्वी ते औषधं विकायचे, रक्तातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण बोलायला लागले की कारखान्याचा मॅनेजर मान डोलावत राहायचा. दोनशे बारा कामगारांचं रक्त घ्यायचं, कोलेस्टेरॉल, साखर वगैरे नेहमीचं तपासायचंच, वर दोन महागड्या तपासण्याही करायच्या, असं ठरलं होतं.

रांगेत पहिला होता क्रेनवाला. छताजवळच्या पिंजऱ्यात बसून लोखंडाचे पत्रे इकडचे तिकडे करणारा माणूस. गडी आडवातिडवा, दंड माझ्या मांडीएवढे, पण सुई बघितली आणि लहान मुलासारखी मान भिंतीकडे वळवली.

“काल रात्रीपासून काही खाल्लं नाहीत ना?” मी विचारलं.

“पाणीसुद्धा विचारून प्यायलोय. बायकोनं स्वयंपाकघराला कुलूप घातलं होतं.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “डास, एक सांग. माझा बाप चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला, भरल्या ताटावर. आजा त्याच्याही आधी. मला आता त्रेचाळीस चालू आहे. रक्तात दिसतं का हे?”

“सगळं नाही दिसत, पण अंदाज येतो,” मी पट्टा आवळत म्हणालो. “कोलेस्टेरॉल तुम्हाला माहीतच आहे. ते पथ्यानं, गोळ्यांनी खाली आणता येतं. पण लायपोप्रोटीन ए म्हणून एक असतं, ते आईबापाकडून येतं, नाकाच्या ठेवणीसारखं. कितीही पळा, कितीही उपाशी राहा, फारसं हलत नाही. ते जास्त निघालं तर बाकीचं सगळं डोळ्यात तेल घालून सांभाळायचं.”

“आणि फॉर्मवर हे दुसरं लिहिलंय ते? सीआरपी?”

“आत कुठे काही धुमसतंय का, ते कळतं. धूर बघून आगीचा अंदाज घेतो तसं. झालं बघा, हात दुमडा.”

“झालं?” तो नळीकडे बघायला लागला. “कळलंच नाही की!”

त्याच्या नळीवर मी एक नंबर टाकला. माझ्या हातानं, हिरव्या पेनानं. पुढे दोनशे बारापर्यंत तसेच नंबर टाकले.

चार दिवसांनी रिपोर्ट आले, तेही मीच वाटले. क्रेनवाल्यानं कागद उलटसुलट पाहिला, सगळीकडे 'नॉर्मल' लिहिलेलं वाचलं आणि मला कंबरेला धरून चक्क उचललं. “बाप गेला तो त्याच्या नशिबानं गेला!” तो ओरडला. “आपलं रक्त आईकडचं आहे!”

स्टोअरवाले काका मात्र शांत माणूस. नटबोल्टच्या फळ्यांमध्ये तीस वर्षं काढलेली, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी रिपोर्टाची चौकोनी घडी घालून खिशात ठेवली. “आता घरी दाखवतो,” ते म्हणाले. “जिना चढलो की छातीत जळजळतं, तर ही म्हणते हृदयाचं आहे, डॉक्टरकडे चला. मी म्हणतो पित्त आहे. आता बोल म्हणावं.”

मला अजून तीन ठिकाणी जायचं होतं. जिना चढल्यावर जळजळत असेल तर रिपोर्ट नॉर्मल असो नाहीतर सोन्याचा असो, आधी कार्डिओग्राम काढा, एवढं सांगायला किती वेळ लागतो? मला माहीत होतं. मी म्हणालो, “बरं झालं काका,” आणि निघालो.

पुढच्या मंगळवारी दुपारी बर्फाच्या थैल्या सापडेनात म्हणून मी मागच्या खोलीतला फ्रिज उघडला. हा फ्रिज नमुन्यांचा. त्यात खायचं ठेवायचं नाही असा कागद दारावर चिकटवला होता आणि आत साहेबांचा डबा होता, उकडलेल्या अंड्यांचा. त्याचा कोंदट वास तोंडावर आला. खालचा खण अडकला होता. ओढला तर काळ्या पिशव्या. एकीची गाठ सोडली, आत नळ्या होत्या. हिरव्या पेनाचे नंबर.

नळी तपासायची तर आधी ती यंत्रात गरागरा फिरवावी लागते. मग बुडाची घट्ट जेली मध्ये येते, लाल भाग खाली बसतो आणि पिवळं पाणी वर येतं, त्याला आम्ही सीरम म्हणतो. या नळ्यांची जेली बुडालाच होती. बुचांवरची माझी चिकटपट्टीही सुटलेली नव्हती. एक, दोन, दहा, वीस... कुणी हातसुद्धा लावला नव्हता. पडून पडून रक्त आपसूक साकळलं होतं आणि वर थोडं थोडं पिवळं पाणी सुटलं होतं. सगळ्या नळ्यांमध्ये पिवळं, एकीत मात्र पांढरं. दूध असावं तसं पांढरं. ते इतके दिवस गारठ्यात उभं राहिलं होतं आणि त्यावर चांगली करंगळीच्या नखाएवढी जाड साय धरली होती.

माणसाच्या रक्तावर साय. खाली काळपट गोळा, मध्ये दूध, वर साय, आणि शेजारी अंड्यांचा डबा. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. नळी फिरवून नंबर बघितला. एक.

कपाटातून रिपोर्टाची प्रत काढली. क्रेनवाल्याचं ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली चरबी, एकशे अडतीस. नॉर्मल. खाली लॅबच्या डॉक्टरबाईंची सही. त्या पाच महिने लॅबमध्ये फिरकल्या नव्हत्या, त्यांची सही कॉम्प्युटरमध्ये होती.

मशीनवर बसणाऱ्या ताईंसमोर मी नळी धरली. ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. मला काम त्यांनीच शिकवलं होतं, शीर कशी चाचपायची इथपासून.

“ताई, हे एकशे अडतीस आहे?”

त्यांनी एकदा पाहिलं आणि पुन्हा कीबोर्डकडे वळल्या. “ठेव ते जागेवर.”

“एकही नळी फिरवलेली नाही. मग आकडे आले कुठून?”

“हळू बोल. बाहेर पेशंट आहेत.” मग त्या अशा सुरात बोलल्या की जणू मला भाजी चिरायला शिकवतायत. “सगळ्यांना सारखे आकडे देऊन चालत नाही, संशय येतो. दर वीस माणसांत दोघांचं कोलेस्टेरॉल थोडं वाढवायचं. फॉर्मवर वजन जास्त असेल त्याची साखर थोडी जास्त. सीआरपी एकच्या आतबाहेर. लायपोप्रोटीनचं किट तर आणलंच नव्हतं. ते पाच ते वीसच्या मध्ये कुठेही.”

“आणि हा? हा तर चांगला जाड आहे.”

“त्याचं नाव पहिलंच होतं ना. तोवर हात बसला नव्हता.”

त्यांच्या हातांत नेहमीचे हातमोजे होते. पांढरे, स्वच्छ. या बाईच्या हातचा चहा मी नऊ वर्षं प्यायलो होतो. मला त्या बोटांकडे बघवेना. आणि खरं सांगायचं तर स्वतःकडेही बघवेना, कारण मला वास आलाच नव्हता असं नाही. आधीच्या शिबिरांत दीडशे नमुने नेऊन दिले की दोन तासांत रिपोर्ट तयार व्हायचे, हे मी पाहिलं होतं. 'मशीन फास्ट आहे' असं स्वतःला सांगून नाक दाबून बसलो होतो.

साहेब केबिनमध्ये होते. नळी बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. “शी! टेबलावर काय ठेवतोस? जेवून आला असेल गडी, म्हणून पांढरं दिसतंय.”

“रात्रभर उपाशी होता. मी विचारलं होतं. आणि न विचारताही मशीनवर लावली असती तर कळलं असतंच की.”

“हे बघ डास,” साहेब खुर्चीत मागे रेलले, “शंभर माणसांचं रक्त काढलं तर ऐंशी लोकांचं बरंच असतं. आपण बरं आहे असं सांगितलं. ऐंशी वेळा आपण खरं बोललो. उरलेल्यांना चार दिवस सुखाची झोप मिळाली. यात कुणाचं काय वाईट झालं?”

“त्याचा बाप चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला.”

“मग काय आपण मारला?” साहेब हसले आणि बाटलीतलं जंतुनाशक हातावर घेऊन चोळायला लागले. बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, अगदी शिस्तीत. “तू रक्त काढतोस. काढ. डोकं लावायला वेगळी माणसं आहेत.”

मी नळी रुमालात गुंडाळून खिशात टाकली आणि बाहेर पडलो.

क्रेनवाल्याचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. संध्याकाळची वेळ. दार त्याच्या मुलीनं उघडलं, पंधरासोळा वर्षांची, केसात पेन्सिल खोचलेली. आत टेबलावर तो जेवत होता. ताटात तळलेलं मांस, त्याच्या कडेची चरबी कुरकुरीत झालेली, बाजूला तीन तळलेली अंडी. भिंतीवर खिळ्याला, प्लास्टिकच्या कव्हरात घालून, आमचा रिपोर्ट टांगला होता.

“या, डासराव या!” तो ओरडला. “अगं, ताट वाढ. या माणसानं माझं कुलूप उघडलं! दोन वर्षं ही बाई मला गवत चारत होती.”

वहिनी हसल्या. “आता काही बोलायची सोय नाही भाऊजी. काही म्हटलं की भिंतीकडे बोट दाखवतात.”

मला बसवेना. कसं सांगायचं याची वाटभर घोकंपट्टी करत आलो होतो, ती सगळी पार विसरलो. रुमाल सोडला आणि नळी टेबलावर ठेवली.

“ई, हे काय ओंगळ आणलंत?” वहिनींनी पदर नाकाला लावला. “जेवणाच्या टेबलावर?”

“वहिनी, हे यांचं रक्त आहे.”

क्रेनवाल्याच्या हातातला घास तसाच राहिला. मी सांगितलं. काळ्या पिशव्या, हिरवे नंबर, बसवलेले आकडे, सगळं. सांगताना माझीच जीभ मला घाण वाटत होती.

“खोटं आहे,” तो म्हणाला.

“नंबर बघा. माझं अक्षर आहे.”

“मग तू त्या दिवशी हसत हसत कागद हातात दिलास तो काय?” तो उठला, खुर्ची मागे पडली. “मी तुला उचलला! सगळ्या कारखान्यासमोर उचलला! आणि आता येतोस, माझ्या पोरीसमोर हे पांढरं... हे...” त्यानं दाराकडे बोट केलं. “चालता हो.”

“जातो. पण उद्या सकाळी उपाशीपोटी सरकारी दवाखान्यात जा. तिथलं मशीन मी पाहिलंय. तिथे तपासतात.”

मी दाराशी पोचलो तेव्हा मागे भांड्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर वहिनींनी त्याचं ताट उचललं होतं आणि मांस, अंडी, सगळं कचऱ्याच्या डब्यात ओतत होत्या. मग त्यांनी भिंतीवरचा रिपोर्ट काढला, त्याच डब्यात वरून घातला आणि डबा पायानं बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात गेलो. आधी काकांना गाठायचं होतं. त्यांचं जळजळणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. स्टोअरची खिडकी बंद होती. बाहेर चारपाच माणसं उभी होती, हातात पान्यांच्या मागणीच्या चिठ्ठ्या तशाच.

“काका गेले,” एक वेल्डर म्हणाला. “पहाटे. बाथरूममध्येच पडले. आणि गंमत बघा, मागच्याच आठवड्यात रिपोर्ट नॉर्मल आला होता.”

मी परत फिरलो आणि लॅबच्या मागच्या खोलीत जाऊन पिशव्या उपसल्या. काकांचा नंबर चौऱ्याण्णव. नळी उजेडात धरली. पिवळं, स्वच्छ पाणी. काहीच दिसत नव्हतं. साय डोळ्यांना दिसते, कोलेस्टेरॉल दिसत नाही. बापाकडून आलेलं दिसत नाही, आत धुमसणारं दिसत नाही. ते बघायलाच तर मशीन असतं. इतक्या दिवसांच्या शिळ्या, न फिरवलेल्या रक्तातून आता खरा आकडा निघणारही नव्हता. काकांच्या रक्तात काय होतं हे जगात कुणालाच कळणार नव्हतं. कदाचित काहीच नसेल. कदाचित खरा रिपोर्टही नॉर्मलच आला असता आणि ते तसेच गेले असते. हा 'कदाचित' साहेबांच्या फार कामाचा होता.

पिशव्या उचलल्या, दोन्ही हातांत धरल्या आणि पुढच्या दारानं, पेशंट बसले होते त्यांच्यामधून, बाहेर पडलो. ताईंनी पाहिलं. त्या उठल्या, तोंड उघडलं आणि परत बसल्या.

कारखान्यात मॅनेजरच्या टेबलावर पिशव्या ठेवल्या. तो दोन पावलं मागे सरकला. “हे इथे कशाला?”

“तुमची माणसं आहेत,” मी म्हणालो. “मोजून घ्या.”

तासाभरात साहेब धावत आले, हातात फळांची टोपली. मॅनेजर आणि ते बंद दाराआड बसले. बाहेर आले तेव्हा ठरलं होतं की 'तांत्रिक गोंधळ' झालाय, सगळ्यांची तपासणी पुन्हा होईल, फुकट, आमच्याच लॅबकडून. मॅनेजरनं ते क्रेनखालच्या शेडमध्ये उभं राहून वाचून दाखवलं. साहेब शेजारी हात जोडून उभे होते, चेहरा असा केलेला की काकांच्या घरचे वाटावेत.

तेवढ्यात वर क्रेनच्या पिंजऱ्याचं दार वाजलं. क्रेनवाला शिडीवरून उतरत होता. त्या दिवशी तो कामावर उशिरा आला होता, कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा होता. तो थेट साहेबांसमोर येऊन उभा राहिला.

“ट्रायग्लिसराईड चौदाशे,” तो म्हणाला. “दवाखान्यातल्या बाईंनी दोनदा लावलं मशीनवर. त्यांना वाटलं चुकलं. तुमचा आकडा काय होता?”

साहेब मॅनेजरकडे बघायला लागले.

“एकशे अडतीस. कुठून आणलात?”

“हे बघा, तुमची भावना मी समजू शकतो...”

“भावना नाही विचारली. आकडा कुठून आणलात?”

साहेबांनी खिशातून बाटली काढली आणि हात चोळायला लागले. मला वाटतं त्यांना कळलंही नाही आपण काय करतोय ते. क्रेनवाला त्यांच्या हातांकडे बघत राहिला. मग तो बाजूला थुंकला, जमिनीवर, आणि टोपलीतली फळं एकेक करून साहेबांच्या पायाशी ठेवायला लागला. टोपली रिकामी झाल्यावर ती त्यानं साहेबांच्या हातात दिली. “निघा.”

त्या दिवशी क्रेन चालली नाही. दोनशे माणसं खाली बसून राहिली. पुढे तक्रार झाली, चौकशी झाली, लॅबला कुलूप लागलं. डॉक्टरबाईंनी जबाब दिला की सही आपली आहे पण हात आपला नव्हता. ताईंनी सगळं लिहून दिलं, लोक म्हणतात की रडत रडत लिहिलं. मी त्यांना परत भेटलो नाही. भेटलो असतो तर काय बोललो असतो ते मला अजून कळत नाही. साहेबांना अटक झाली, पण ते सहा महिन्यांत सुटले आणि ऐकतो की आता दुसऱ्या शहरात दातांचा दवाखाना चालवतात.

कारखान्यातली माणसं पुन्हा रक्त द्यायला सरकारी दवाखान्यात गेली. मी मदतीला तिथे उभा राहिलो तर निम्म्या लोकांनी माझ्यापुढे हात करायला नकार दिला. एकजण तोंडावर म्हणाला, “तू त्यांच्यातलाच.” मी बाजूला झालो. काकांची बायकोही आली होती एक दिवस, रिपोर्टाची ती चौकोनी घडी घेऊन. घडी माझ्या हातात ठेवली आणि निघून गेली. ती मी फाडूही शकलो नाही, ठेवूही शकलो नाही. शेवटी चौकशीच्या कागदांना जोडून दिली.

पुढे दवाखान्यात जागा निघाली आणि मला घेतलं. एका सकाळी क्रेनवाला आला, वीस किलो उतरलेला, शर्ट अंगावर लोंबणारा. गोळ्या चालू होत्या, चरबी खाली आली होती. लायपोप्रोटीन मात्र जिथल्या तिथे, भरपूर वर. “बापाचं सोनं-नाणं काही मिळालं नाही,” तो म्हणाला, “हेच तेवढं ठेवून गेला.” बरोबर मुलगी होती. डॉक्टरांनी तिचंही तपासायला सांगितलं होतं.

ती खुर्चीत बसली, बाही वर केली आणि बापासारखी भिंतीकडे न बघता सरळ माझ्याकडे बघितलं.

“हे तपासणार ना?” तिनं विचारलं.

“तपासणार.”

“मला बघायचंय.”

असं कुणाला आत नेत नाहीत. मी मशीनवरच्या बाईंना विचारलं, त्यांनी बापाकडे एकदा पाहिलं आणि होकाराची मान हलवली. मुलगी आत येऊन उभी राहिली. नळी फिरली, पिवळं पाणी वर आलं, स्वच्छ. ती मशीनपाशी चाळीस मिनिटं उभी होती, बसायला स्टूल दिलं तर नको म्हणाली. लायपोप्रोटीनचा आकडा पडद्यावर आला. बापाच्या निम्मा, पण हवा त्याहून जास्त.

“म्हणजे माझ्यातही आहे,” ती म्हणाली.

“आहे. पण तू सोळाची आहेस, आणि तुला आत्ताच कळलंय.”

तिनं वहीचं पान काढून आकडा स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतला, वर तारीख टाकली. मग पडद्यावरचा आणि वहीतला, दोन्ही आकडे बोट ठेवून पुन्हा एकदा ताडून बघितले आणि बाहेर बापाला सांगायला गेली.